एगॉसपोटामीची केळी

माणगाव,
२८ जुलै २०२५

ती. तात्यास,
साष्टांग नमस्कार, जरा रागातच. वि. वि.

फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि ऐकत कोणीच नाही, म्हणून यापुढे पत्रंच लिहायची असं मागच्या भांडणात ठरलं, ते बरंच झालं. पत्रात भावाला बहिणीचं बोलणं मध्येच तोडता येत नाही. तेव्हा आता मुकाट्याने शेवटपर्यंत वाच.

तू चौऱ्याहत्तरचा झालास. जूनमध्ये विहिरीपाशी शेवाळावर घसरलास आणि दादू झावळ्या तोडायला आला नसता तर तिथेच पावसात पडून राहिला असतास. गुडघा अजून वाकत नाही, हे तू लिहीत नाहीस, पण दादू माझ्या सुश्रुतला फोन करतो. काशीदला पर्यटकांना उंटावर बसायला मिळतं, पण तुला डाळ-गहू आणायचे तर एसटीने मुरुड गाठावं लागतं. इथे माणगावला जिना उतरलं की बाजार, आणि समोर डॉक्टर. मागची खोली रंगवून ठेवली आहे. निवेदिताने पडदेही शिवलेत, इतिहासाच्या मास्तरांना शोभतील असे मळकट रंगाचे. माझी सून आहे म्हणून सांगत नाही, पण तुला समजते ती.

तू ऐकणार नाहीस, म्हणून पैज लावते. आपल्या वाडीतल्या वेलची केळीचा घड दरवर्षी माझ्या गणपतीपुढे येतो. यंदा फणसाडच्या जंगलातले वानर वाडीत उतरतायत म्हणे. त्यांच्यापासून तू एकट्याने तो घड राखलास, तर मी माणगावचं नाव पुन्हा काढणार नाही. नाही राखलास, तर चतुर्थीच्या आत गाशा गुंडाळून इकडे कायमचं यायचं.

माया आहे तशीच आहे, यंदा तिला घाई झाली आहे इतकंच.

तुझी,
प्रमोदिनी


काशीद,
४ ऑगस्ट २०२५

चि. प्रमोदिनीस,
वाडीतल्या चिखलातून अनेक आशीर्वाद.

पैज कबूल. तुझं पत्र वाचून मला एगॉसपोटामी आठवलं. तोंड वाकडं करू नकोस, ऐक. ग्रीकांच्या इतिहासातला हा एक उघडा किनारा, नावाचा अर्थ बोकडांच्या नद्या. अथेन्सचं सगळं आरमार तिथे वाळूवर ओढून ठेवलेलं. समोरच्या काठावर स्पार्टाचा सेनापती लायसँडर. अथेन्सवाले रोज सकाळी लढायला जात, तो बंदराबाहेर येतच नसे. मग हे परत फिरत आणि जेवणाखाण्याचं बघायला दूरवर पांगत, कारण त्या किनाऱ्यावर बाजार नव्हता. जवळच आल्सिबायडीस नावाचा, त्यांचाच पदावरून गेलेला सेनापती राहत होता. तो घोड्यावर बसून आला आणि म्हणाला की इथे राहू नका, बाजार असलेल्या गावी हला. त्याला त्यांनी हाकलून दिलं. पाचव्या दिवशी सगळे पांगलेले पाहून लायसँडरच्या टेहळ्यांनी ढाल उंचावून खूण केली, आणि आरमार जवळजवळ बसल्याजागी गेलं. मोठ्या युद्धाचा निकाल तिथे लागला.

आता तू म्हणशील की आल्सिबायडीस म्हणजे मीच. अगदी बरोबर, आणि त्याच्यासारखीच तूही दुरून उपदेश करतेस. पण मी अथेन्सच्या सेनापतींइतका मूर्ख नाही. केळीखाली खुर्ची टाकली आहे, हाताशी तेलाचा रिकामा डबा आणि काठी. वानरांचा म्होरक्या एक भलाथोरला हुप्या आहे, त्याचं नाव मी लायसँडरच ठेवलं. रोज सकाळी शेजारच्या होमस्टेच्या पाण्याच्या टाकीवर येऊन बसतो, माझ्याकडे बघतो आणि निघून जातो. दादूचं म्हणणं की हुप्या भुकेला न्हाय, सवड बघतो हाय. मी त्याला सांगितलं की नोकरीभर मी मुलांना हाच धडा शिकवला आहे, मला नको शिकवूस.

दादूकडे पत्र दिलं की त्याच्या खिशातच त्याचा लगदा होतो, म्हणून हे मी स्वतः मुरुडला जाऊन टाकतो. जायचं आणि लगेच मिळेल त्या एसटीने परत यायचं. येताना थोडे वाल आणि साखर घेईन. आज लायसँडर दिसलाही नाही, कंटाळला असावा.

घरच्या सगळ्यांना आशीर्वाद, पडद्यांना नाही.

तुझा,
तात्या


काशीद,
६ ऑगस्ट २०२५

चि. प्रमोदिनीस,
आशीर्वाद, जरा खालच्या आवाजात.

माझ्या आधीच्या पत्राचा शेवट पुन्हा वाच, म्हणजे मला फार लिहावं लागणार नाही.

पोस्टात खिडकीवर नवीन बाई आहेत. त्यांनी कौतुकाने विचारलं की आजोबा, हल्ली पत्र कोण लिहितं. मी कारण सांगितलं. पत्रावरून पैजेवर आलो, पैजेवरून वानरांवर आणि वानरांवरून अथेन्सवर. रांगेतली माणसंही ऐकत उभी राहिली. अशी मन लावून ऐकणारी मुलं मला शाळेत कधी मिळाली नव्हती. ढाल उंचावण्यापर्यंत आलो तेव्हा काशीदची एसटी सुटून गेली.

परत आलो तेव्हा वाडी शांत होती. होमस्टेवाला सांगत होता की मी इकडे एसटीत चढलो आणि तिकडे हुप्या टाकीवर उभा राहिला. घडाचा नुसता दांडा लटकतो आहे. सालं माझ्या खुर्चीवर, डबा विहिरीत. अथेन्सची नऊ जहाजं तरी निसटली होती, माझं एक केळं निसटलं नाही. वाल आणि साखर मात्र आणली.

शब्द दिला तो दिला. चतुर्थीच्या आत येतो. होमस्टेवाल्याला वाडी भाड्याने हवीच होती, तो टेप घेऊन माजघर मोजून गेला. झोपाळा काढून तिथे तो पाहुण्यांची नोंद करायचं टेबल ठेवणार आहे. दादूला तो कामावर ठेवील. माझी एक ट्रंक आणि पुस्तकं, एवढंच सामान होईल. मला फार वाईट वाटतं आहे. हे इथेच लिहितो, कारण समोर आलो की मी पडद्यांबद्दलच बोलेन.

हरलेल्या भावाला जेवायला वाढताना हसू नये, एवढी कृपा असावी.

तुझा,
तात्या


माणगाव,
११ ऑगस्ट २०२५

ती. तात्याआजोबांना,
वल्लरीचा वाकून नमस्कार.

तुमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही आणि घरच्या फोनवर बोलले तर आजी ऐकेल, म्हणून मीही पत्रच लिहितेय, हसू नका. हे आजीला माहीत नाही. म्हणजे तुमच्या बहिणीला.

तुमचं पत्र आलं तेव्हा बाबांना वाटलं की आजी आता पेढे वाटणार. ती ‘जिंकले’ एवढंच म्हणाली आणि तुमच्या खोलीत जाऊन बसली. जेवायला आली नाही. झोपाळ्याचं वाचून तिला काहीतरी झालंय. दुसऱ्या दिवशी आईने पडदे टांगायला घेतले तर आजी तिच्यावरच ओरडली की एवढी कसली घाई आहे. आई बिचारी स्टुलावर पडदे धरून उभी.

दूधवाल्याला तिने लायसँडरची सगळी गोष्ट सांगितली. आल्सिबायडीसपाशी आली आणि तिथेच थांबली. मला म्हणाली की तो माणूस नुसता सांगून निघून का गेला, थांबला का नाही, ते तुझ्या मोबाइलमध्ये बघ. मी बघितलं, हाकललं म्हणून गेला असंच लिहिलंय, पण तेवढ्याने तिचं काही समाधान झालं नाही.

तुम्ही इतक्यात ट्रंक भरू नका, असं आपलं मला वाटतं. मी सांगितलं असं सांगू नका.

तुमची लाडकी (असं तुम्हीच म्हणता),
वल्लरी


माणगाव,
१२ ऑगस्ट २०२५

ती. तात्यास,
नमस्कार, आणि या वेळी राग माझा माझ्यावरच. वि. वि.

पैज मी जिंकले आणि दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. लग्न होऊन मी त्या घरातून निघाले, त्याला आता पंचेचाळीस वर्षं होत आली. इतकी वर्षं कोणी विचारलं की मी ऐटीत सांगते, माझं माहेर काशीदला. तू इथे मागच्या खोलीत येऊन बसलास आणि झोपाळ्याच्या जागी टेबल आलं, तर मी काय सांगू? तुला सुखात ठेवायच्या नादात मी माझंच माहेर होमस्टेवाल्याला देऊन बसले होते. हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. मी रडले, आणि ते वल्लरीने पाहिलं. ती तुला कळवल्याशिवाय राहणार नाही, म्हणून मीच सांगते.

मी आल्सिबायडीस आहे हे तू बरोबर ओळखलंस. तो आला, शहाणपण शिकवून गेला आणि आपल्या घरी जाऊन बसला. अथेन्सच्या माणसांना बाजारात चला म्हणणारा भेटला, पण तुम्ही बाजाराला जा, मी जहाजं बघतो, असं म्हणणारा एकही भेटला नाही. लहानपणी अण्णा आपल्याला कधी एकट्याने राखणीला बसवत नसत, आठवतं ना? तू डबा वाजवायचास आणि माझ्या हातात बेचकी असायची. नेम माझाच बरा होता. तुझा दगड एकदा अण्णांच्या टोपीला लागला होता.

तर आता असं ठरवलं आहे. पैज जिंकलेल्याने अट बदलायची असते. तू इकडे यायचं नाहीस, मीच तिकडे राहायला येते. गौरी-गणपती झाले की सुश्रुत मला सोडायला येईल. गहू, डाळी आणि गुडघ्याचं तेल बरोबर आणते. माझा संसार आता निवेदिताच्या हाती ठीक चालतो. मी नसले तर कदाचित जास्तच ठीक चालेल, पण हे तिला कळू द्यायचं नाही. गणपतीला केळी बाजारातली आणीन. होमस्टेवाल्याला टेप गुंडाळायला सांग.

भावाकडून लोभ मागायला नको, तो वाडीतल्या फणसासारखा न मागता पडतो.

तुझी,
प्रमोदिनी


काशीद,
१८ ऑगस्ट २०२५

चि. प्रमोदिनीस,
भरभरून आशीर्वाद.

ट्रंक रिकामी केली. होमस्टेवाल्याला सांगितलं, तो जरा हिरमुसला. झोपाळ्याच्या कड्यांना तेल घातलं. विहिरीपाशी दादूने शेवाळ खरवडून पोतं अंथरलं आहे, आणि तो आता मलाच तिकडे फिरकू देत नाही. बेचकीला त्याने नवीन रबर लावलं. माहेरपणाला आलेल्या बाईला राखणीला बसवायचं म्हणजे लोक मला नावं ठेवतील, पण तू तर हट्टालाच पेटलीस.

शेजारच्या केळीला एक नवीन घड धरतो आहे. लायसँडर आज सकाळी टाकीवर येऊन बसला होता. मी तुझं पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. वाचता वाचता तुझ्या बेचकीपाशी आलो तेव्हा त्याने शेपूट आवरलं आणि तो उठून गेला, योगायोग असेल.

हे पत्र दादूच्या हाती देतो आहे. भिजलेलं मिळालं तर समजून घे, पण मी आता तू आल्याशिवाय वाडी सोडणार नाही. ये, प्रमोदिनी. मी फार वाट बघतो आहे. अथेन्सपाशी जहाजं खूप होती, बहीण नव्हती.

तुझा,
तात्या