आठ पट्ट्यांचा घुमट

१२ जानेवारी १९९५
आबांनी आज इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात, त्यांच्यादेखत, माझ्या कानफटात मारली! चोवीस वर्षांचा आहे मी. जळगावात कॉम्प्युटरवर घुमट काढणारा एकटा मीच – आणि माझा गवंडी बाप सिमेंटच्या हातांनी साइटवरून येतो आणि मारतो!

कारण पिंप्राळ्याच्या बुद्धविहाराचा घुमट. माझा कागद साहेबांच्या टेबलावर आपटून म्हणाले, "हाऊ गोल शे? हाई ते बठ्ठं चापट शे! याना खाले मानूस मरी."

मी त्यांचा हात पिरगाळला. कळवळले. तरी सोडला नाही. शेवटी साहेबांनीच सोडवला.

१३ जानेवारी
कान अजून घणघणतोय.

खरं ते इथे लिहितो. कॉम्प्युटर गोल काढतच नाही. चपट्या पट्ट्या जोडतो आणि गोल भासवतो. पट्ट्या किती, ते आपण सांगायचं. बत्तीस सांगितल्या की मशीन तासभर घुम्यासारखं बसतं, म्हणून मी आठच सांगितल्या. नंतर वाढवणार होतो. विसरलो. साहेबांनी त्याच कागदावर सही ठोकली.

आता वाढवल्या तर आबा खरे ठरतात. मुळीच वाढवणार नाही!

१६ जानेवारी
साहेबांना सांगितलं – आबा पिऊन कामावर येतात. साफ खोटं. ते थेंबाला शिवत नाहीत. साहेबांनी त्यांना काढलं, चुडामण मिस्तरीला आणलं.

घरी आबांनी भरलं ताट माझ्या अंगावर भिरकावलं. गरम वरणाने पाय भाजला. मी त्यांचीच थापी उचलली. माय मध्ये पडली नसती तर घातलीच असती डोक्यात.

९ फेब्रुवारी
चुडामण विचारत होता, "भाऊ, सेंट्रिंगना फळ्यास्मा फट पडस. पाचर ठोकू का?"
काँक्रीट खालून धरणारा फळ्यांचा साचा तो; कागदावर आठच पट्ट्या, मग फळ्या गोलाईला जुळणार कशा? म्हटलं, ठोक.

१९ फेब्रुवारी
घुमट पडला. काँक्रीट ओतताना पाचरी निसटल्या, सेंट्रिंग बसलं, सगळं खाली. चुडामण खाली होता. फावड्याने ओढून काढला. त्याचं डोकं – नाही लिहवत.

लोकांनी मला धरलं. "हाऊच शे कॉम्प्युटरवाला! ठेचा याले!" आमच्याच आळीतली माणसं. लाथा, फावड्याचा दांडा. दोन दात गेले. मनात म्हणत होतो, मारा, अजून मारा – आणि तोंडाने ओरडत होतो, मी काही केलं नाही!

२० फेब्रुवारी
आबा शुक्रवारपासून चोपड्याला आत्याकडे होते. आज दुपारच्या एसटीने आले. माझं सुजलेलं तोंड पाहिलं. घुमटाचा कागद मागितला, मी दिला, तो त्यांनी चुलीत घातला. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग साहेबांनी कालच पुसलं म्हणे.

आबांनी मारलं नाही. लाज वाटते. फार लाज वाटते.

२१ फेब्रुवारी
आबा आपणहून पोलिसांत गेले. "कामवरथून काढं म्हनीसन मीच शनवारे सेंट्रिंगना टेकू ढिला करात."

फौजदाराने मला बोलावलं. "शनिवारी तुझा बाप पितांबर कुठे होता?"

मी म्हणालो, साइटवर. डोळ्यांनी पाहिलं. सही केली.