सुंदराच्या पाटीवरचे सात शब्द

बमरोली, सुरत
ता. १८ नोव्हेंबर १९९६

ती. हेमराजभाऊ यांस काशिनाथचा नमस्कार. वहिनींच्या गुडघ्याला बारडोलीच्या वैद्याचे तेल लागू पडले का, ते कळवावे. इकडे आम्ही बापलेक बरे आहोत. (पत्राच्या माथ्यावर 'श्री' नाही, तो विसरलो असे समजू नये. तुमच्या बहिणीला जाऊन चार महिने झाले, पण अजून तो लिहावासा वाटत नाही.) दिवाळी केली नाही. रिवाजाप्रमाणे शेजाऱ्यांनी फराळ आणून दिला. अकरा घरांचा आला, त्यात नऊ घरांच्या चकल्या मऊ होत्या. दुःखातल्या माणसाने चकलीबद्दल बोलू नये, म्हणून सगळ्या खाल्ल्या.

घरात बाईमाणूस नाही, मी दिवसभर गिरणीत, तेव्हा हर्षदाला अमळनेरला घेऊन जातो, असे तुम्ही लिहिले. तुम्ही मामा आहात, म्हणणे रास्त आहे. परंतु तिला सध्या येता येणार नाही. आईचे साड्यांना फॉल-बिडिंग करण्याचे काम तिने सांभाळले आहे आणि आता त्याला पाटीही लागली आहे. पाटीचे काय झाले ते सविस्तर लिहितो, म्हणजे अडचण लक्षात येईल.

अकरा वर्षे सुंदराच्या कामाला पाटी नव्हती, बायका घर विचारत येत. हर्षदा म्हणाली, आईच्या नावाची पाटी पाहिजे, पण पुढे 'सेंटर' नको. आमच्या गल्लीत झेरॉक्स सेंटर, चिकन सेंटर, चष्मा सेंटर आणि (एकाच खोलीत) दोन टेलरिंग सेंटर आहेत. त्याच अर्थाचा दुसरा इंग्रजी शब्द शोधायचे काम माझ्याकडे आले. तिच्या शाळेची डिक्शनरी घेऊन मी ओट्यावर बसलो आणि शब्द उतरवत गेलो. सेंटर म्हणजे सर्व बाजूंपासून सारख्या अंतरावरचा बिंदू. मिडल म्हणजे नुसते मधले, तिथे काही असलेच पाहिजे असे नाही. कोअर म्हणजे फळातला बियांचा भाग, तो आपण टाकून देतो. हब म्हणजे चाकाचा तुंबा, सगळे आरे त्यात बसवलेले असतात. (तो काढला तर आऱ्यांचे काय होते, ते डिक्शनरीत दिलेले नाही.) फोकस म्हणजे किरण एकत्र येतात ती जागा, पिव्हट म्हणजे जिच्यावर वस्तू फिरते ती खुंटी. न्यूक्लियस अणूच्या आत असतो, तो आमच्या गल्लीत कोणी पाहिलेला नाही.

शेजारी वाल्मिक म्हणून लूम चालवणारा राहतो. पंधरा वर्षांत त्याने माझे एकही म्हणणे मान्य केलेले नाही. बस कडोदऱ्यावरून जाते असे मी म्हणालो, तर तो ती बसच बंद पडली म्हणून सांगे. पण दुःखातल्या माणसाला कोणी तोडून बोलत नाही. मी एकेक शब्द वाचला आणि प्रत्येकाला तो म्हणाला, "वा दादा, हाऊच ठेवा!" शेवटी यातला कोणता, असे विचारले तर त्याला सगळेच पसंत. म्हणे, "बठ्ठाच चांगला शेतस, दादा." कागद त्याच्याजवळ ठेवून मी गिरणीत गेलो. मागून मारुती पेंटर नाव विचारायला आला. वाल्मिकने त्याला तोच कागद दिला आणि बजावले, "दादाले परत इचारू नको. त्यास्नं मन दुखी." संध्याकाळी घरी आलो तो पाटी लागलेली: सुंदरा फॉल-बिडिंग सेंटर मिडल कोअर हब फोकस पिव्हट न्यूक्लियस. पाटी खोलीपेक्षा लांब झाल्यामुळे 'न्यूक्लियस' वाल्मिकच्या दारावर आला आहे. (त्यालाही त्याची हरकत नाही.)

तेव्हापासून माणसे थांबून वाचतात. एक गुजराती बाई सगळे वाचूनही दुकान कशाचे ते न कळून म्हणाल्या, "पण आ दुकान शेनी छे?" एक गृहस्थ मुलाला सायन्सच्या ट्यूशनला घालायला आले आणि जाताना बायकोच्या दोन साड्या देऊन गेले. काम दुप्पट झाले आहे. अशा वेळी हर्षदाला हलवणे बरोबर नाही, हे तुम्हाला पटेल. तिलाही इथेच राहायचे आहे.

कळावे. वहिनींनी पायऱ्या चढू नयेत.

आपला
काशिनाथ

ता. क. 'तिलाही इथेच राहायचे आहे' असे वर लिहिले, ते तिला विचारून लिहिलेले नाही. तुमचे पत्रही तिला दाखवलेले नाही. ते गिरणीत माझ्या कपाटात आहे.

आणखी एक. पाटी पाहून ती चिडेल असे मला वाटले होते. पूर्वी माझ्या शर्टाचे बटण वरखाली लागले तरी दोघी मायलेकी दिवसभर मला बोलत. या वेळी ती पाटीखाली उभी राहिली आणि म्हणाली, "छान आहे, बाबा." इतकेच. आता मी विचारले तर ती राहते असेच म्हणेल. म्हणून तुम्ही एखाद्या रविवारी या आणि मी नसताना तिला विचारा. तारीख कळवा, म्हणजे मी त्या दिवशी ओव्हरटाइम मागून घेतो. जे ठरेल ते मला तुम्ही सांगू नका. तिला म्हणावे, बाबांना तूच सांग, आणि जमल्यास भांडून सांग.