भिंगरीच्या पायावरची वर्तुळं

२ सप्टेंबर, सोमवार

डोकं भणभणतंय. भिंगरीच्या आईनं आज न्यायला आल्यावर दारातच पोरीची विजार वर केली आणि पाय दाखवले. "मावशी, बघा ना, किती चावलेत. इथे अंगणात डास आहेत का हो?"

इथे! माझ्या अंगणात! बावीस वर्षं पाळणाघर चालवतेय मी. दर शनिवारी कुंड्यांच्या ताटल्या उपड्या करते, पिंप घासते, वाळूच्या हौदावर झाकण घालते. ओसरीत मोठा पंखा लावलाय तो काय माझी हौस म्हणून? साडेचारनंतर एकाही पोराला बाहेर ठेवत नाही. लांब विजार आणि मोजे असल्याशिवाय अंगणात पाऊल नाही, मग तो कोणाचा का लाडोबा असेना!

आणि ही कालची पोरगी मला विचारते, डास आहेत का.

बोलले मग. "पटत नसेल तर दुसरीकडे सोय बघ बाई, माझ्याकडे तीन जणी रांगेत आहेत." तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि गेली. हे आतून म्हणाले, "जरा जास्त झालं." ह्यांना एरवी काही ऐकू येत नाही, असलं बरोबर ऐकू येतं.

३ सप्टेंबर, मंगळवार

झोप लागली नाही नीट, पण युक्ती सुचली. डब्यांवर खुणा करायचं निळं पेन आहे ना, धुतलं तरी पुसत नाही ते. सकाळी भिंगरी आली की तिच्या पायावरच्या प्रत्येक गांधीभोवती गोल काढायचा. संध्याकाळी परत बघायचं. गोल नसलेली गांध दिसली तर ती माझ्याकडची. नाही दिसली तर मी सुटले!

सकाळी मोजल्या, सात. सात गोल. पोरगी खूश, दुसरा पाय पुढे करून म्हणते, "इथे पण काढ."

संध्याकाळी सातच!!

५ सप्टेंबर, गुरुवार

काल सकाळी चार नव्या. आज सकाळी तीन. संध्याकाळी दोन्ही दिवस एकही नवी नाही. म्हणजे रात्रीत नाहीतर संध्याकाळी, तिकडेच चावतात. आता काय बोलायचं राहिलं?

अजून नाही बोलणार. आठवडा भरू दे. पुरावा कसा भरभक्कम हवा.

भिंगरीनं आज नवा शब्द काढलाय. डुबुक. दिवसभर डुबुक, डुबुक. कोपऱ्यात जुन्या झोक्याचा खांब उरलाय ना, तिच्या डोक्याएवढा, तिथे जाऊन बसते आणि खड्यांशी खेळते. बाकीची पोरं वाळूत, पंख्याच्या वाऱ्यात. ही आपली एकटी. पण रडत नाही, मागत नाही, गुणी आहे. आई जशी असेल तशी असो.

७ सप्टेंबर, शनिवार

पाच नव्या. सगळ्या घोट्यापाशी. मोजे खाली ओढते ती, खांबाशी उकिडवी बसली की. दहादा वर केले.

१० सप्टेंबर, मंगळवार

आज बोलले. आणखी दोन आया होत्या दारात, बरंच झालं म्हटलं. पोरीला पायरीवर बसवलं आणि दोन्ही पाय दाखवले. "हे बघ, गोल असलेल्या सगळ्या सकाळी येतानाच होत्या. माझ्याकडून जाताना एक तरी नवी दिसते का? शोध! चष्म्याच्या दुकानात कामाला आहेस ना, लोकांना दिसेल असं करतेस, स्वतःच्या पोरीचे पाय नाही दिसत?"

दोघी आया हसल्या. हिचं तोंड लाल. हळूच म्हणाली, "संध्याकाळी आम्ही अर्धा तास मैदानात झोके खेळायला जातो. इथून निघालं की."

दिवेलागणीला! मैदानात! तेच तर! मग चांगलं पंधरा मिनिटं समजावलं तिला. की ऐन त्याच वेळी डास सुटतात, की फिक्या रंगाचे पायघोळ कपडे घालायचे, की मलम लावायचं तर पायांना लाव, हातांना नको, पोरं हात तोंडात घालतात. सगळं मान खाली घालून ऐकलं. "बरं मावशी. आता नाही नेणार."

जीव भांड्यात पडला माझा. बावीस वर्षांत कोणी बोट दाखवलं नव्हतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

भिंगरी आज आल्या आल्या म्हणाली, "झोका बंद." कोणाला उद्देशून नाही, नुसतंच. पिशवीतली बाहुली काढली आणि तिलाही सांगितलं, झोका बंद.

मला कसंतरीच झालं. मागाहून कळलं ते असं. आई साडेआठला दुकानाला निघते, सहाला इकडे येते. घरी पोचली की स्वयंपाक, आणि पोरगी साडेसातला झोपते. म्हणजे दोघींचं असं काही असेल तर तो अर्धा तास मैदानातला. दुसरं काही नाहीच.

पण म्हणून काय डासांना सांगायचं, थांबा जरा, आई कामावरून आलीय?

१३ सप्टेंबर, शुक्रवार

चार नव्या! मैदान बंद ना? मग?

१६ सप्टेंबर, सोमवार

शनिवारपासून पुन्हा तीन. मला वाटतं ती खोटं बोलतेय. तोंडावर बरं मावशी, बरं मावशी, आणि गुपचूप नेत असणार मैदानात. असल्या गोगलगाईंचाच मला जास्त राग येतो. समोर भांडणारी परवडली.

१७ सप्टेंबर, मंगळवार

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन मुद्दाम मैदानावरून गेले. सव्वासहा ते सातपर्यंत कुंपणाशी उभी राहिले. तिथला फुगेवाला दोनदा विचारून गेला, आजी कोणाची वाट बघताय?

त्या दोघी नव्हत्या. झोके रिकामे होते.

घरी आल्यावर हे म्हणाले, "भाजी?" पिशवी रिकामीच होती. काय सांगणार!

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज भाची आली होती. मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, हातात जरा वेळ होता म्हणून चहाला टेकली. मी मोठ्या तोऱ्यात गोलांची गोष्ट सांगितली. हसेल, शाबासकी देईल असं वाटलं.

ती हसली नाही. म्हणाली, "मावशी, लहान मुलांना डास चावला की गांध लगेच उठेलच असं नाही गं. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उठते. सकाळी तुला जी नवी दिसते, ती आदल्या दिवशी दुपारची असू शकते."

दुपारची. म्हणजे माझ्याकडची.

मी म्हटलं, दुपारी कुठले आलेत डास, ते दिवे लागल्यावर येतात! तर म्हणे, पट्ट्यापट्ट्यांचे असतात ना, ते भर उजेडात चावतात, सकाळी आणि दुपारी. घोट्यापाशीच जास्त. मग म्हणाली, "बाकीच्या पोरांना नाही चावत?" नाही. "मग ती एकटी काय वेगळं करते?"

चहा तसाच राहिला माझा.

२१ सप्टेंबर, शनिवार

सकाळी भिंगरी आली. तिला म्हटलं, मला दाखव तुझं डुबुक. बोट धरून घेऊन गेली मला खांबापाशी. खडा उचलला, चवड्यांवर उभी राहिली, खांबाच्या तोंडातून आत टाकला.

डुबुक.

पोकळ खांब! झोका काढला तेव्हा ह्यांनी वरून कापला आणि वरचं झाकण बसवायचं राहिलं ते राहिलंच. पाऊस आत, अंगण धुताना नळीचं पाणी आत. मी वाकून कुंड्या बघत फिरते दर शनिवारी, आणि हा समोर उभा! ह्यांनी रबरी नळीनं पाणी ओढून पांढऱ्या ताटलीत घेतलं. वळवळ नुसती. बघवेना मला.

भिंगरी मात्र टाळ्या वाजवत होती. मी उचलून ओसरीत नेलं तिला, पंख्याखाली बसवलं, मोजे वर केले. मग आत जाऊन रडले.

ह्यांनी दुपारी खांबात वाळू भरली, वर सिमेंट लावलं. हात पुसत म्हणाले, "आता ते पेन घे आणि स्वतःभोवती एक गोल काढ." चिडायला हवं होतं. नाही चिडता आलं.

संध्याकाळी तिची आई आली तेव्हा सांगणार होते. दारात ती दुसरी आई होती, हसलेली. नाही सांगितलं. पोरीची पिशवी दिली नुसती.

२२ सप्टेंबर, रविवार

सुट्टी. घर शांत. सारखं मनात येतंय, सांगायलाच हवं का? खांब बुजला. दोन-चार दिवसांत गांधी बंद होतील. तिला वाटेल मैदान सोडल्यामुळे बंद झाल्या. माझं नाव राहील. कोणाचं काय बिघडलं?

झोका बंद, असं बाहुलीला सांगत होती ती पोर.

खरं म्हणजे मला तिच्या आईची नाही, माझीच भीती वाटते. उद्या ती चार जणींना सांगेल, मावशींच्याच अंगणात डास होते. सांगू दे. तिचा हक्क आहे. मी तर दोन जणींसमोर तिला पोरीचे पाय दिसत नाहीत म्हटलं होतं. पोरीला दुसरीकडे घातलं तरी मी हूं की चूं करणार नाही.

२३ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं. त्याच दारात, त्याच दोघी आया उभ्या असताना. खांब दाखवला. म्हटलं, चूक माझी, तुला नको ते बोलले, माफ कर मला. आणि आजपासून हिला मैदानात ने, मोजे घालून, मलम लावून, पण ने.

तिनं पोरीचे केस सारखे केले. मग म्हणाली, "मला माहीत होतं, मावशी. रविवारी आम्ही दिवसभर मैदानात असायचो. सोमवारी सकाळी एक नवी गांध नसायची हिला. शनिवारी इथे चावलेल्या तेवढ्या रविवारी उठायच्या."

"मग बोलली का नाहीस गं? आणि मैदान का बंद केलंस?"

"तुम्ही म्हणाला होतात ना, दुसरीकडे सोय बघ. सहापर्यंत दुसरीकडे कोणी ठेवत नाही. आणि मैदानात तुम्ही कधी आम्हाला बघितलं असतंत तर..."

मला तो फुगेवाला आठवला.

पिशवी खांद्याला लावली, पोरीला कडेवर घेतलं. फाटकाशी जाऊन परत वळली आणि मलाच विचारलं, "मग उद्या आणू ना हिला?"