कोठारातली पॉन्टिॲक

होल्शर फार्म, ओहायो
९ ऑक्टोबर १९९४

प्रिय रसेल यास
ग्लेनचा सा. न. वि. वि.

नाताळचं कार्ड सोडून माझं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तुझी भावजय जोॲन मजेत. मक्याची कापणी निम्मी उरकली आणि आज पाऊस असल्यामुळे लिहायला सवड मिळाली.

विषय ट्रॅव्हिसचा आहे. तुझा पुतण्या आता सोळा वर्षांचा झालाय आणि दारातून आत येताना मान वाकवतो. उंची तुझ्यावर गेलीय. गेल्या महिन्यात त्याने जोॲनची गाडी शाळेच्या आवारात खांबाला घासली आणि घरी येऊन सांगितलं की कुणीतरी ठोकून पळून गेलं. दाराला खांबाचा पिवळा रंग तसाच लागलेला होता, तो पुसण्याचीही अक्कल नाही. मी त्याला स्वयंपाकघरात उभं करून अर्धा तास सुनावलं. केलं ते कबूल करावं, आपलं पाप दुसऱ्याच्या माथी मारू नये, वगैरे. शेवटी मीच वाक्य अर्धवट टाकून अंगणात निघून गेलो. का ते तुला सांगायला नको.

त्यानंतर बापलेकांत बोलणंच उरलं नव्हतं. परवा मात्र तो आपणहून आला आणि कोठारातल्या ताडपत्रीखालची गाडी चालू होईल का, असं विचारलं. एकवीस वर्षांत मी ती ताडपत्री उचललेली नाही. त्याने उचलली होती. उजवं मडगार्ड चेपलेलं, रेडिएटर फुटलेला, पण हिरवा रंग बोटाने धूळ पुसली की अजून चमकतो म्हणाला. आपण दोघांनी मिळून दुरुस्त करू या का, असंही म्हणाला. दोघांनी, हा शब्द त्याचा.

गाडीचे कागद तुझ्या नावावर आहेत. तू नको म्हणालास तर ताडपत्री पुन्हा ओढून घेईन आणि कारण विचारणार नाही.

उत्तर लवकर टाक. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर आमची हरकत नाही.

तुझा,
ग्लेन


कूस बे, ऑरेगन
२१ ऑक्टोबर १९९४

चि. ग्लेन यास
रसेलचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. तीन दिवस टगबोटीवर होतो, एक मालवाहू जहाज बंदरात ओढून आणायचं होतं. परत आलो तर दारात तुझं पाकीट. अक्षर अजून कोंबडीने उकरल्यासारखंच आहे हे पाहून बरं वाटलं.

खुशाल दुरुस्त करा. दोन उन्हाळे धान्याच्या गोदामात पोती उचलून मी ती '६८ ची पॉन्टिॲक घेतली होती, आणि जेमतेम वर्षभर चालवली. उंदरांनी पुरेशी वापरली, आता माणसांनी वापरावी. कागदांवर सही करून सोबत पाठवतोय. गाडी ट्रॅव्हिसची. तुझी नव्हे, त्याची. नाहीतर तू तिच्यात कोंबड्यांचं खाद्य वाहशील.

एक नीट ऐक. उत्साहाच्या भरात इंजिन लगेच फिरवू नका. इतक्या वर्षांत पिस्टन जाम झाले असणार. प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडा आणि आठवडाभर हात लावू नका. मग लांब दांडा लावून हाताने हळूहळू हलवा. पोराला सांग, जोर करेल तो हरेल.

आणि दुसरं. गाडी उघडताना जुन्या गोष्टी उकरू नकोस. काकाने गाडी आपटली आणि काका निघून गेला, एवढं पोराला माहीत आहे. तेवढं पुरे. आईच्या कानावर तर मुळीच काही जायला नको. तिला या वयात काय करायचंय?

जोॲनला नमस्कार, आईला साष्टांग, पुतण्याच्या पाठीत एक धपाटा. माझ्यावरची माया आटू देऊ नका.

रसेल


होल्शर फार्म
२२ जानेवारी १९९५

प्रिय रसेल यास
ग्लेनचा सा. न. वि. वि.

आधी चांगलं सांगतो. तुझ्या सांगण्याप्रमाणे तेल सोडून थांबलो. आठवड्याचे तीन आठवडे झाले, इंजिन ढिम्म हलेना. ट्रॅव्हिस रोज शाळेतून आला की बूट न काढता आधी कोठारात. मग एका शनिवारी दांड्याला त्याने हात लावला आणि ते बोटभर सरकलं. रसेल, आम्ही दोघं इतक्या जोराने ओरडलो की आई काठी न घेता अंगणात आली. कार्बोरेटर आम्ही जेवणाच्या टेबलावर उघडला, त्यावर जोॲन काय म्हणाली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी आपल्या चर्चच्या जुन्या पत्रिकांचं घरटं केलं होतं. सगळी भाविक मंडळी निघाली. पोराचा हात तुझ्यासारखा आहे. माझ्याकडून नट सांडतात, त्याच्याकडून नाही. या तीन महिन्यांत तो माझ्याशी जितकं बोलला तितकं मागच्या तीन वर्षांत बोलला नसेल.

आता दुसरं. पंधरवड्यापूर्वी तो पहिल्यांदाच ड्रायव्हरच्या सीटवर बसला. गुडघे स्टिअरिंगला भिडले. सीट मागे सरकवायला गेला तर ती गंजून पार पुढच्या टोकाला बसलेली. तो खाली वाकून टॉर्चने बघत राहिला. मग वर बघून सहज विचारलं की काका तर सव्वासहा फूट, मग आपटली तेव्हा तो इथे बसलाच कसा.

खोटं तयार होतं माझ्याकडे. ट्रॅक्टरने ओढून आणताना आजी आत बसली होती म्हणालो असतो तर विषय संपला असता. जिभेवर आलंही होतं. पण तो दाराचा पिवळा रंग आठवला.

सगळं सांगितलं. मी पंधरा वर्षांचा होतो, लायसन्स नव्हतं, रविवारी चर्चनंतर तुझ्या मागे लागून गाडी चालवायला घेतली, तू शेजारी होतास. शेजारच्या नीमायरांच्या वळणावर गाडी हातून सुटली आणि त्यांच्या गोठ्याजवळच्या दूध साठवायच्या खोलीची भिंत पडली. आत ऑरव्हिल नीमायर होते, त्यांचा पाय मोडला आणि ते कायमचे लंगडे झाले. लोक धावत यायच्या आत तू मला बाहेर ओढलंस, स्वतः स्टिअरिंगमागे बसलास आणि मला तोंड बंद ठेवायला सांगितलंस. बाबांनी तुला घराबाहेर काढलं. तू ऑरेगनला गेलास. आणि मी एकवीस वर्षं तोंड बंद ठेवलं. बाबा वारले तेव्हाही.

ट्रॅव्हिसने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि घरात गेला. त्याला आज चौदा दिवस झाले. कोठाराकडे फिरकलेला नाही. माझ्याशी मीठ मागण्यापुरतं बोलतो. मी एकटाच मडगार्ड घासत बसतो.

मी अकरा उन्हाळे नीमायरांचं गवत कापून दिलं. सगळे म्हणायचे, ग्लेन किती गुणी. तुला काय मिळालं रे? मी तुझं घर घेतलं, शेत घेतलं, बाप घेतला. हे आधीच लिहायला हवं होतं.

लोभ ठेवावा असं लिहायला हात धजत नाही. ठेवलास तर उपकार.

ग्लेन


कूस बे
११ फेब्रुवारी १९९५

चि. ग्लेन यास
रसेलचे अ. उ. आ.

तुझं पत्र दहा दिवस खिशात घेऊन फिरलो. आता ऐक, आणि मधे रडू नकोस, लहानपणापासून तुला ती खोड आहे.

तू मला साधुसंत करून ठेवलं आहेस. मी तसला नाही. त्या रविवारी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात कूस बेच्या एका बोट कंपनीचं नोकरीचं पत्र होतं. तीन आठवडे मी ते बाळगून होतो. मला शेत नको होतं, ग्लेन. गाईंचा वास नको होता. पण थोरला मुलगा, आजोबांपासूनची जमीन, बाबांना सांगायचं कुणी? रोज जेवताना ठरवायचो की आज सांगू, आणि बटाटे संपले की उठायचो.

मग तू गाडी भिंतीत घातलीस. तुला वाचवायचं होतं हे खरं. पंधरा वर्षांचा पोर, माझ्या छातीला लागणारा, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होतास. पण सीटवर सरकताना माझ्या मनात आलं, आता जाता येईल. हाकलून दिलेल्या मुलाला कारण सांगावं लागत नाही. बाबा ओरडत होते आणि मी आतून सुटल्यासारखा झालो होतो. तुझ्या अपघातातून मी माझी वाट काढून घेतली आणि तुला एकवीस वर्षं स्वतःला खात बसू दिलं. दर नाताळला कार्ड लिहायला बसायचो आणि हे सोडून सगळं लिहायचो.

मला समुद्र मिळाला. माझी बोट आहे, तीन चांगले दोस्त आहेत, खिडकीतून धुकं दिसतं. मी सुखी आहे रे. तू घेतलंस म्हणतोस ते मीच टाकून आलो होतो. बाप तेवढा टाकायचा नव्हता. त्याचं दुःख आहे, पण ते माझ्या भित्रेपणाचं, तुझ्या वळणाचं नाही.

हे पत्र पोराला वाचायला दे. त्याला सांग, त्याच्या घराण्यात कबूल न करणारे दोन होते, एकटा बापच नव्हे.

माया पातळ करू नकोस.

रसेल


होल्शर फार्म
३० एप्रिल १९९५

ती. रसेलकाकांना
ट्रॅव्हिसचा शि. सा. न. वि. वि. (हे असं लिहायचं आजीने सांगितलं.)

काका, गाडी चालू झाली! गेल्या शनिवारी. पहिल्यांदा नुसती खोकली, मग मागून काळा धूर, आणि मग जो आवाज आला तो छातीत वाजतो, कानात नाही. कोंबड्या दोन दिवस अंडी देत नव्हत्या. मडगार्ड नवीन मिळालं नाही, म्हणून जुनंच ठोकून सरळ केलं. नीट बघितलं तर लाट दिसते. तुम्ही नीट बघू नका.

बाबांनी तुमचं पत्र मला दिलं. मला राग ते खोटं बोलले याचा नव्हता. पंधरा वर्षांचा असतो तर मीही घाबरलो असतो. राग त्या अर्ध्या तासाचा होता, मला स्वयंपाकघरात उभं केलं त्याचा. बाबांनी त्या अर्ध्या तासाबद्दल माझी माफी मागितली, तीही स्वयंपाकघरातच. तरी मी लगेच गेलो नाही. पण ते मडगार्ड एकटेच घासत होते आणि चुकीच्या बाजूने घासत होते. खिडकीतून बघवेना. तिसऱ्या दिवशी जाऊन पॉलिश पेपर हातातून काढून घेतला.

गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली तेव्हा बाबांनी मला चालवायला दिली आणि नीमायरांच्या वळणावर थांबायला सांगितलं. आम्ही दोघं आत गेलो. नीमायरआजोबा एक्क्याऐंशीचे आहेत आणि त्यांना ऐकू येत नाही. बाबांना सगळं तीनदा सांगावं लागलं, शेवटी ओरडून. दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर बाहेर उभा होता, त्यालाही सगळं कळलं. आजोबांनी आपला लंगडा पाय हाताने उचलून स्टुलावर ठेवला. मग म्हणाले, फुकट अकरा वर्षं गवत कोण कापतो, आधी मला वाटायचं तुझा डोळा आमच्या डोरीनवर आहे, आणि तू जोॲनशी लग्न केलंस तेव्हा मी तुला फार शिव्या दिल्या. मग म्हणाले, पाय गेला तो कुणामुळेही गेला असता तरी असाच दुखला असता, पण सांगायला आलास ते बरं केलंस. मग त्यांनी हात पुढे केला आणि मला म्हणाले, उठव मला, गाडी बघायची आहे.

टँकरवाल्याला कळलं म्हणजे रविवारपर्यंत सगळ्या चर्चला कळणार. म्हणून बाबांनी त्याच संध्याकाळी आजीला सांगितलं, तुमचं बोटीच्या नोकरीचंही. तुम्ही नको म्हणाला होता ते मला माहीत आहे, पण टँकरवाल्याआधी आपण सांगावं असं आईही म्हणाली. आजीने धुतलेली भांडी पुन्हा धुतली. दुसऱ्या दिवशीही तेच. आज तिने माझ्याकडे लिहायचा कागद मागितला. सावध राहा.

माझ्यावर लोभ करायला तुम्हाला अजून फारशी संधी मिळालेली नाही, ती घ्यावी.

आपला पुतण्या,
ट्रॅव्हिस


होल्शर फार्म
७ मे १९९५

चि. रसेल यास
आईचा आशीर्वाद.

अक्षर जमेल तसं वाच.

ग्लेनने सगळं सांगितलं. त्याला जे बोलायचं ते मी बोलले आहे, ते तुला कळायची गरज नाही. तुझ्यावर मी एकवीस वर्षं चुकीच्या गोष्टीसाठी रागावले. तो राग मागे घेते. पण तुला शेत नको होतं आणि तू ते सांगितलं नाहीस, याचा राग नवीन आहे, आणि माझं वय बघता तो मला लवकर उरकायला हवा.

एक गोष्ट तुम्हा दोघांनाही मी कधी सांगितली नव्हती. तुझे बाबा लष्करातून परत आले तेव्हा त्यांना ओहायोतल्याच लिमा गावी रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात जागा मिळाली होती. आमचं लग्न व्हायचं होतं. मला इंजिनांबद्दल तासन्‌तास सांगायचे, मी ऐकायचं सोंग करायची. मग तुझ्या आजोबांना झटका आला आणि बाबा शेतावर राहिले. नको होतं त्यांनाही. कारखान्याचं पत्र त्यांनी चुलीत घातलं, मी तिथेच उभी होते. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. शेतावर रेल्वेची शिट्टी ऐकू आली की हातातलं काम थांबवून उभे राहायचे, एवढंच. तुम्हा मुलांना वाटायचं, ते घड्याळ लावतायत.

तू तेव्हा बोलला असतास तर ते आधी ओरडले असते, हे मी जाणून आहे. पण मग मागच्या अंगणात जाऊन बसले असते, आणि तासाभराने तुला बोलावून विचारलं असतं की बोटीचं इंजिन कसलं असतं.

जूनमध्ये ये. एक दिवसासाठी नव्हे. वरची खोली झाडून ठेवली आहे. भांडण समोरासमोर करायचं आहे, ते टपालाने होत नाही.

तुझी आई