पान बाविसावरची सही

पनवेल, ४ मार्च २००८

चि. रुचिरास अनेक आशीर्वाद.

रागात लिहितोय, अक्षर सांभाळून घे. कोळीवाड्याचा सार्वजनिक नळ काल खासगी पाणी कंपनीच्या माणसांनी ‘फुकटचं पाणी म्हणजे चोरी’ म्हणत तोडला. पाणीपुरवठा त्यांच्याकडे जाऊन तीन महिनेही झाले नाहीत! तीस वर्षं मी गावाच्या पाण्याच्या चाव्या फिरवल्या. हंडा लावणाऱ्याला कधी नाव विचारलं नाही. मासळी विकून आलेली कृष्णाबाई रिकामी कळशी घेऊन दारात उभी. म्हणाली, काका, आमी पानी चोरतो काय? आमी मानसं नाय?

तू सल्लागार संस्थेत पाण्याचेच अहवाल लिहितेस. काय करता येईल ते कळव. आईचा खोकला कमी आहे.

तुझा,
बाबा

पुणे, ९ मार्च

ती. बाबांना शि. सा. नमस्कार, वि. वि.

थोडं कंपनीच्या बाजूनेही बघा. निम्मं पाणी गळतीत जातं. हे सगळं अभ्यास करूनच ठरलंय. कृष्णाबाईंना घरगुती जोडणीचा अर्ज करायला सांगा. आणि या वयात मोर्चाबिर्चात जाऊ नका. आईने फोनवर चहाडी केली आहे!

माया असू द्यावी.
रुचिरा

पनवेल, १७ मार्च

चि. रुचिरा,

अर्ज केला. घराचे कागद मागतात. तीन पिढ्यांच्या झोपड्यांना कागद कुठले? म्हणून कंपनीच्या कार्यालयात बसून तो अभ्यासही वाचला. पान बावीस : ‘विभाग सात : वस्ती नाही. नळ अनावश्यक.’ खाली सही तुझी. एकशे दहा घरं, आणि वस्ती नाही? लहानपणी त्याच गल्लीतून शाळेत जायचीस ना? चाळीस बायका टँकरमागे धावताहेत, ग.

आशीर्वाद रागावरही थांबत नाहीत, म्हणून देतो.
बाबा

पुणे, २१ मार्च

ती. बाबा, सा. न.

तक्त्यात नुसता आकडा होता. विभाग सात म्हणजे आपला कोळीवाडा, हे मी नकाशा उघडून बघितलंच नाही. सही करून मोकळी झाले. लाज वाटते. नळाबद्दलच्या मंगळवारच्या नगरपालिकेतल्या सुनावणीला येतेय. आमच्या संस्थेच्या साहेबांनी जाऊ नकोस म्हणून बजावलंय.

पदरात घ्या.
रुचिरा

पनवेल, २ एप्रिल

चि. रुचिरास आशीर्वाद.

भर सुनावणीत उभी राहून ‘चूक माझी आहे’ म्हणालीस, तेव्हा कंपनीचा साहेब कागद चाळत बसला. पण काल नळ परत बसवला. कृष्णाबाईने तुझी नोकरी गेल्याचं ऐकलं आणि कळशी तशीच ठेवून आईजवळ रडली.

नळ एकच आला, कंपनीचा पाण्याचा करार तसाच आहे : वीस वर्षांचा. मी एकाहत्तरचा. सामान बांध आणि घरी ये. हे भांडण आता तुला चालवायचंय.

वाट बघतोय.
बाबा