आतमध्ये व्यक्ती : एक

सोमवार, ३
नवी नोकरी, नवी वही! मुख्य कचेरी शहरात. माझी जागा गावाबाहेर, जमिनीखाली दोन मजले. तिथल्या सगळ्या संगणकांच्या प्रती इथे तयार ठेवलेल्या असतात: हजेरी, फोन, तिथल्या-इथल्या दारांची कुलुपंसुद्धा. तिकडे आग लागो की पूर येवो, इकडची यंत्रणा पाच मिनिटांत कारभार हाती घेते. मी फक्त राखण करायची. गार हवा, पंख्यांची घरघर, चहाचं यंत्र, आणि आसपास चिटपाखरू नाही. ताई फोनवर हसली. म्हणाली, बरं आहे, आयत्या बिळावर नागोबा!

बुधवार, ५
माझ्या आधी इथे होता त्याला सगळे मास्तर म्हणत. आठ महिन्यांपूर्वी न सांगताच निघून गेला म्हणे. चष्मा मात्र खणातच पडलाय. मुख्य कचेरीतल्या आमच्या मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, अहो, माणसं येतात-जातात, तुम्ही कामाचं बघा. शनिवारी तालीम आहे. मुख्य यंत्रणा मुद्दाम बंद करायची आणि आपली उभी राहते का ते पाहायचं. नंतर दोन दिवस सुट्टी. ताईकडे जाईन.

शनिवार, ८. सकाळी अकरा
यंत्रणा उभी राहिली, पण भलतीच. ताज्या प्रती खराब निघाल्या, म्हणून मागे मागे जात ती शेवटच्या धड प्रतीवर थांबली. आठ महिन्यांपूर्वीच्या. मॅडम फोनवर म्हणाल्या, मंगळवारी निस्तरू, तुम्ही निघा घरी.

दुपारी एक
दार उघडत नाही. कार्ड लावलं की लाल दिवा. चूक तरी कोणाची? आठ महिन्यांपूर्वी मी इथे नव्हतोच, त्या प्रतीत माझं नाव कुठून असणार! माझा पासवर्ड चालत नाही. आता फोनही मुका झाला. मोबाइलला इथे रेंज कधीच नव्हती. काच फोडून आणीबाणीचं बटण दाबलं. त्याच्यामागे तारच नाही.
भिंतीवरच्या पडद्यावर लिहिलंय, आतमध्ये व्यक्ती : एक. जिवात जीव आला. निदान यंत्रणेला तरी मी दिसतोय! मग खालचं नाव वाचलं.
मास्तर.

रविवार, ९. सकाळी
स्वतःची समजूत घातली. प्रत काढली तेव्हा तो आत असेल, म्हणून जुनं नाव दिसतंय. एवढंच.
पण मग बाहेर गेल्याची नोंद का नाही?
दहा वाजून चार मिनिटांनी पडद्यावर नवी ओळ आली. टेपांची खोली, दार उघडलं. मास्तरचं कार्ड. तारीख आजची.
जुन्या प्रतींच्या टेपा ठेवतात ती खोली माझ्या मागच्या बोळाच्या टोकाला आहे.

दुपारी
सामानाची खोली. उघडली. बंद झाली.
ओरडलो. चहाच्या यंत्रातलं पाणी संपलं. सारखं एकच मनात येतं, त्याच्या कार्डाने बाहेरचं दारही उघडेल. ते कार्ड मला हवंय. पण तो इथवर यायला नको.

सोमवार, १०
बोळाचं दार. उघडलं.
लोखंडी कपाट ओढून दाराला लावलं. हात सोलवटले. ताई, तू फोन करत असशील, मी उचलत नाही म्हणून चिडली असशील—

पावलं नाहीत. नुसता श्वास, दाराला अगदी खेटून.

बोलला. हळू, थकलेल्या माणसासारखा. अहो, तालीम संपली का, म्हणून विचारलं.
पुन्हा तेच.
मी तोंडावर हात दाबून— तरी तो म्हणाला, बरं, मग आत येऊन बसतो, तेवढं कपाट जरा—