लुइझा मॅडमचा लोकल रेफरन्स

६ जानेवारी, सकाळी
नवी वही. नियम तीन. एक, राग बंद. दोन, रोज इंग्रजीचे दहा शब्द पाठ. तीन, कॉलेजचा विषय कुणी काढला तर नुसतं हसायचं. कॉलेज मी सोडलेलं नाही. एचओडी सरांना विचार करायला वेळ दिलाय. दीड वर्ष झालं, अजून विचार करून राहिलेत. तोवर नांदेडात गुरुपादप्पा मामाच्या लॉजचं काउंटर सांभाळतोय. तात्पुरतं.

दुपारी
पाण्याच्या जारवाल्याशी भांडण. चूक त्याची. मामा म्हणले, "वीरेश, तुझ्या आवाजानं वरचं गिऱ्हाईक खाली आलं आन् खालचं पळून गेलं." नियम उद्यापासून लागू.

७ जानेवारी
घडलं.
साडेअकराला ऑटोतून एक मुलगी उतरली. पाठीवर तिच्याएवढीच बॅग. ब्राझीलची. परदेशी पाहुणा उतरला की पोलिसांच्या साइटवर सी-फॉर्म भरावा लागतो. तो भरता भरता मी प्रेमात पडलो. नाव लुइझा अपारेसिदा आणि पुढं अजून तीन शब्द. रकान्यात मावेना. वय एकोणतीस. मी एकवीस. आठ वर्षं म्हणजे काहीच नाही, मी उंचीत भरून काढतो.
जनावरांची डॉक्टर आहे. म्हणाली, मी देवणी गायींसाठी आले. मी म्हणलं, "हाव." तिचे डोळे मोठे झाले आणि ती सुरूच झाली. साओ पावलोहून विमान, मग दुबईत सात तास, मग हैदराबाद, मग रेल्वे, वरचा बर्थ, खाली एक काका घोरणारे. मी काही विचारलंसुद्धा नव्हतं. घरचे लोक माझ्याशी इतकं सलग कधी बोललेले नाहीत.

त्याच दिवशी, चार वाजता
तिची अडचण कळली. देवणीला सिद्रामप्पा नावाचे शेतकरी आहेत. त्यांची गाय आठवडाभरात व्यायची आहे. लुइझाला पहिल्या दिवसाचा चीक पाहिजे, तपासायला. त्या एका बाटलीसाठी ती अर्धं जग ओलांडून आली. नमुना ठेवायचा फ्रीजर इथल्या लॅबमध्ये, म्हणून मुक्काम नांदेडात. गाय कळा द्यायला लागली की सिद्रामप्पा फोन करणार, लुइझा गाडी करून निघणार. पण तिचा ब्राझीलचा फोन इथं मुका. इथलं सिम पाहिजे. आणि परदेशी माणसाला सिम घ्यायचं तर लोकल रेफरन्स लागतो. म्हणजे तिला ओळखणारा इथला एक माणूस, ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येईल.
मी म्हणलं, मी आहे.
अख्ख्या हिंदुस्थानात तिला ओळखणारा एक माणूस, आणि तो मी. सरकारी कागदावर. लोक पत्रिका जुळवत बसतात.

८ जानेवारी
इस्त्रीचा शर्ट. निजामोद्दीनचाचांचं मोबाइलचं दुकान. चाचा बाहेर खुर्चीवर, आत कॉम्प्युटरवर त्यांची पुतणी कहकशां. पासपोर्ट दिला, व्हिसा दिला, मामाच्या लेटरहेडवर पत्ता दिला. कहकशां म्हणली, "लोकल रेफरन्स कोण?" मी छातीवर हात ठेवला. ती म्हणली, "हात ठेवू नको, नंबर सांग."
ओटीपी आला. सहा आकडे. एकेक आकडा मी लुइझाकडं बघून सांगितला. चाचा बाहेरून म्हणले, "अरे बेटा, ओटीपी है, निकाह का खुतबा नहीं."
मग लाइव्ह फोटो. पापणी मिटवा, उघडा. लुइझा घाबरली असेल असं वाटून मी तिच्यामागं उभा राहिलो.

सायंकाळी
अर्ज नापास. कारण लिहून आलंय : दोन चेहरे आढळले.
कहकशां म्हणली, "तू कशाला घुसला रे फोटोत? सिम तिला पाहिजे का तुला?" मी राग गिळला. नियम एक. मनात मात्र गार वाटलं. कंपनीच्या कॉम्प्युटरला जे दिसलं ते कहकशांला दिसेना. आम्ही दोघं, एका चौकटीत.

९ जानेवारी
परत अर्ज केला. मी तीन फूट लांब उभा राहिलो. चाचांनी फरशीवर खडूनं रेघ मारली होती.
येताना चहा. लुइझा बोलता बोलता "मॅरीड" असा शब्द बोलली. स्वतःहून. माझ्या तोंडातून लगेच निघालं, "हाव." झालं. बारा मिनिटं बोलली. पाऊस, चिखलात रुतलेला ट्रक, ट्रकमध्ये एक वळू, कुणीतरी हात दिला, मग तिची आई रडली, मग चर्च, मग सहाशे माणसांचं जेवण.
इतकं बारीक प्लॅनिंग. तिचं इंग्रजी जरा कच्चं आहे, सगळं भूतकाळात बोलते. मी मनातल्या मनात भविष्यकाळ करून घेतलं.
सहाशे माणसं आमच्याकडं देगलूरलाच होतील. चर्चचं आईला कसं सांगायचं बघावं लागेल.

१० जानेवारी, सकाळी
कंपनीचा व्हेरिफिकेशनचा फोन येणार. दाढी केली. आवाज चांगला लागावा म्हणून गरम पाणी प्यालो. उत्तर पाठ केलंय.

अकरा दहा
आला. बाई बोलत होती, गोड आवाज. म्हणली, आपण या ग्राहकाला ओळखत असल्यास एक दाबा. मी म्हणलं, मॅडम, ओळखणं म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवावं लागेल. दिवस मोजले तर चार. पण काही माणसं अशी असतात. बाई मध्येच म्हणली, आपण निवडलेला पर्याय चुकीचा आहे.
चुकीचा.
मी म्हणलं, तुम्ही कोण ठरवणार? ती परत तेच. मी म्हणलं, तुमच्या मॅनेजरला द्या. परत तेच, त्याच सुरात, जसं काही मी माणूसच नाही. मग मी जे बोललो ते वहीत लिहिण्यासारखं नाही. फोन कट.
मामा म्हणले, "रेकॉर्डिंगशी भांडणारा तू आपल्या खानदानात पहिला."

दुपारी
अर्ज दुसऱ्यांदा नापास. कारण : रेफरन्सने ओळख नाकारली.
मी. मी नाकारली म्हणे.
लुइझाला समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती नखं खात होती. म्हणाली, वीरेश, गाय थांबणार नाही. मी म्हणलं, हाव. तर ती मला गाय का थांबत नाही ते सांगायला लागली, आतून कशी तयारी होते, वासराचे पाय कुठल्या बाजूला असतात. अंगावर काटा आला. पण माझ्यावर किती विश्वास.

११ जानेवारी
सिम होईपर्यंत सिद्रामप्पांना माझा नंबर दिलाय. ही जबाबदारी मोठी. सकाळी सातला त्यांचा फोन. म्हणले, "कोन बोलून राहिलं? बाईला द्या." मी म्हणलं, बाई आंघोळीला गेल्यात, मला सांगा. म्हणले, "तू कोन रं तिचा?" मी म्हणलं, लोकल रेफरन्स. मग म्हणले, "गाय माझी, वासरू गायीचं, बाई ब्राझीलची. तुझं काय हाय ह्याच्यात?"
ब्लॉक केलं.
हे रागानं नाही. तत्त्वानं.

१२ जानेवारी
लुइझानं विचारलं, देवणीहून काही फोन? तेव्हा आठवलं. अनब्लॉक केलं. दुसऱ्या मिनिटाला फोन आला. सिद्रामप्पा जे बोलले त्यात थोडी कन्नड होती, ती मला कळली नाही, हे बरं झालं. गाय अजून व्यायली नव्हती, पण कास भरलीय म्हणले. आज नाहीतर उद्या.
लुइझा माझ्याकडं बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. पहिल्यांदा ती गप्प होती. मी "हाव" म्हणलं तरी बोलली नाही.
मग उठली आणि एकटीच चाचांच्या दुकानात गेली. मी मागून.
कहकशांनं तिसरा अर्ज केला. लोकल रेफरन्सच्या रकान्यात स्वतःचा नंबर टाकला. मी म्हणलं, हा अन्याय आहे. कहकशां म्हणली, "बस तिकडं. रेघेच्या पलीकडं." फोन आला, तिनं एक दाबला. चार सेकंद. ओळखीची काही कदरच नाही.
मग मला बाजूला घेऊन म्हणली, "एक विचारू? तू सारखं हाव हाव करतो ना, ती मला म्हणली, हा मुलगा प्रत्येक गोष्टीला 'हाऊ' का विचारतो? तिला वाटलं तुला लई जिज्ञासा हाय. म्हणून सगळं कसं कसं ते सांगून राहिली बिचारी. लग्न कसं झालं ते बी सांगितलं म्हणे तुला."
चाचा खुर्चीवरून पडता पडता वाचले. हसून.
मी शांतपणे बाहेर पडलो. दुकानाचा स्टँडी बोर्ड वाऱ्यानं पडला.

त्याच दिवशी, विचारांती
समजा तिला 'हाऊ' ऐकू आलं. तरी काय बिघडलं? मी विचारलं असं समजून ती मनातलं बोलली. म्हणजे बोलायचं होतंच. भाषा हे निमित्त. राहिलं लग्नाचं. "कसं झालं" की "कसं होईल", हा काळाचा प्रश्न, आणि कहकशांचं इंग्रजी काही फार भारी नाही.
उद्यापासून "यस" म्हणायचं.

१३ जानेवारी
सकाळी नऊला सिम चालू झालं. पहिला फोन मला करेल म्हणून मी मोबाइल चार्जिंगला लावून समोर बसलो. लुइझा समोरच्याच सोफ्यावर होती, तरी पण.
नऊ वीसला तिचा फोन वाजला. पहिला फोन सिद्रामप्पांचा, नवा नंबर कहकशांनं त्यांना आधीच कळवला होता. ती "ओब्रिगादा, ओब्रिगादा" असं तिकडचं थँक्यू ओरडली, खोके घेतले, बाटल्या घेतल्या, पळाली. दारात थांबली. मला वाटलं, आता. म्हणाली, गाडी कुठाय? गाडी मामांनी सांगितली होती. मी "यस" म्हणलं. ती गेली.

१४ जानेवारी
संक्रांत. मामीनं तिळगूळ दिला. गोड बोलायला कुणी नाही. जारवाला आला होता, त्याला दिला. तो म्हणला, बरं हाय ना?

१५ जानेवारी
आली. अंगाला शेणाचा वास, डोळ्यांत झोप, हातात बर्फाचा डबा. कालवड झाली. लुइझा वेळेत पोचली. चीक मिळाला. सगळ्या लॉजला फोटो दाखवले. मामाला, मामीला, झाडूवाल्या उमादेवीला, मला. माझ्या वेळी बोटानं जोरात पुढं सरकवले, पण ते थकव्यानं असेल.
सिद्रामप्पांनी निरोप दिलाय : रेफरन्सला नमस्कार सांगा. ह्याचा अर्थ चांगला घ्यायचा ठरवलं.
उद्या तिला स्पष्ट विचारणार. इंग्रजीची पाच वाक्यं तयार. एकातही "हाव" नाही.

१६ जानेवारी
वाक्यं म्हणायला खाली आलो तर काउंटरवर एक सहा फुटी माणूस. दाढी, हसरा, हातात पासपोर्ट. सी-फॉर्म मीच भरला. नाव टियागो. पुढचे दोन शब्द लिहिताना हात थांबला. ते मी नऊ दिवसांपूर्वी एकदा लिहिले होते, रकान्यात मावले नव्हते ते. लुइझा जिन्यावरून धावत आली आणि त्याच्या गळ्यात पडली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, वीरेश, तुला सांगितला होता ना, ट्रकवाला.
रूम तीच. चादरी दोन मागितल्या होत्या. दिल्या.

१७ जानेवारी
मामांना काय सुचलं देव जाणे. म्हणले, लुइझा म्हणजे माझी लेक. लेकीचा नवरा म्हणजे जावई. जावई पहिल्यांदा घरी आला, त्याला असं पाठवायचं का? मामीनं ओवाळलं. टॉवेल, टोपी, नारळ. टियागोनं टोपी उलटी घातली, मामांनी नीट केली. कहकशां आणि चाचाही आले होते, चाचांनी मिठाई आणली.
मग मामा म्हणले, "आन् कान पिळायला भाऊ कुठाय?" लुइझानं विचारलं, म्हणजे काय. कहकशांनं सांगितलं, आमच्याकडं लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्या मुलाचा कान पिळतो, बहिणीला नीट सांभाळ म्हणून, आणि मग नवरा मेव्हण्याला कपडे देतो. लुइझानं टाळ्या वाजवल्या. म्हणाली, माझा भाऊ इकडंच आहे की. आणि माझ्याकडं बोट केलं.
सगळे बघून राहिले.
मी उठलो. ठरवलं, असा पिळायचा की साओ पावलोपर्यंत लाल राहील. अकरा दिवसांचा राग दोन बोटांत आणला. तो माणूस माझ्यासाठी गुडघ्यावर बसला. कान पुढं केला. डोळे मिटले. म्हणाला, प्लीज, ब्रदर.
फार मऊ कान होता.
हळूच पिळला. सगळे ओरडले. त्यानं बॅगेतून एक टी-शर्ट काढून मला दिला. पिवळा, पुढं गायीचं चित्र. फोटो काढला. फोटोत सात चेहरे, कुणी नापास केलं नाही.
संध्याकाळी दोघं हैदराबादला गेले. बॅगा मी उचलल्या. भावानंच उचलायच्या असतात म्हणे.

१८ जानेवारी
टी-शर्ट एक्सएल आहे. मला एम लागतो. मामी म्हणली, धुतल्यावर आटेल. सकाळपासून दोनदा धुतला.
आटला नाही.